पावसात ओढ्याचं पाणी नेमकं कधी आणि का बिघडतं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात उपोष्ण पट्ट्यातल्या ओढ्या-नद्यांवर एक छोटा मजकूर आला होता. उपोष्ण म्हणजे कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या जरा पलीकडचा भाग, त्यातही जिथे वर्षातले काही महिने कोरडे जातात आणि मग उन्हाळ्यात एकदम दणकून पाऊस येतो तो. त्यावर अपेक्षेपेक्षा जास्त प्रश्न आले. सारखे होते ते एकत्र केलेत, फार लांब होते ते छाटलेत, रागावू नका.

प्रश्न : ओढा तोच, पाऊसही साधारण तेवढाच, पण सीझनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी म्हणजे नुसता चिखल असतो आणि दोन महिन्यांनी त्याहून मोठा पाऊस पडला तरी पाणी एवढं गढूळ होत नाही. असं का?

पाऊस घाण तयार करत नाही हो, साठलेली घाण उचलून नेतो. कोरड्या महिन्यांत जमिनीवर काय काय साठतं बघा, सुटी झालेली माती, धूळ, जनावरांचं शेण, वाळका पालापाचोळा, रस्त्यावरचं तेल आणि टायरची भुकटी, शेतात टाकलेल्या खताचा उरलेला भाग, आणि त्यात भर म्हणजे नेमकं याच वेळी गवत सगळ्यात कमी असतं त्यामुळे जमीन उघडी असते. पाच मिलिमीटरचा टपोरा थेंब सेकंदाला जवळपास ९ मीटर वेगाने येऊन आदळतो, उघड्या मातीचे कण त्या माऱ्यानेच सुटतात आणि मग वाहत्या पाण्याला फक्त ते घेऊन जायचं काम उरतं. पहिल्या एक-दोन पावसांत हा साठा बराचसा निघून जातो, नंतर गवतही उगवतं, मग त्याच पावसाला उचलायला कमी मिळतं. याला फर्स्ट फ्लश म्हणतात, शहरातल्या नाल्यांत तर तो इतका ठळक दिसतो की पहिल्या अर्ध्या तासाचं पाणी आणि नंतरचं पाणी वेगवेगळ्या ठिकाणचं वाटावं.

पण यातली खरी मजा पुढे आहे. हेच एका पावसाच्या आतसुद्धा घडतं. समजा ओढा चढताना पाणी कमरेएवढं आलं तेव्हा तुम्ही बाटली भरली, आणि पूर ओसरताना पाणी परत बरोबर कमरेएवढं असताना दुसरी भरली, तर दोन्ही वेळी प्रवाह जवळपास तेवढाच, पण पहिली बाटली दुसरीपेक्षा कितीतरी गढूळ निघते. आलेखावर पाण्याचा प्रवाह आणि गढूळपणा एकमेकांसमोर मांडला की सरळ रेष येत नाही, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारा वेढा येतो, त्याला हिस्टेरेसिस असं जडजूड नाव आहे. काही ओढ्यांत उलटा वेढा येतो म्हणजे गढूळपणा उशिरा वाढतो, तेव्हा समजायचं की माती जवळून नाही तर लांबच्या उतारावरून येतेय, किंवा पाण्यात भिजून जड झालेले काठ पूर ओसरताना ढासळतायत. म्हणजे गढूळपणा किती आहे यापेक्षा तो पावसाच्या कुठल्या टप्प्यावर वाढला हे पाहिलं तर मातीचा पत्ता लागू शकतो. मला तरी हा वेढा कुठल्याही एका आकड्यापेक्षा जास्त बोलका वाटतो.

प्रश्न : माझ्याकडे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं एकूण प्रमाण, दाखवणारा मीटर आहे. ओढ्याच्या पाण्याचा टीडीएस एरवी २८० च्या आसपास असतो, मोठा पाऊस झाला की ९० वर येतो. म्हणजे पाऊस पडल्यावर पाणी चांगलं होतं असंच ना?

नाही. आणि हा गैरसमज इतका पसरलाय की मुद्दाम हा प्रश्न घेतला.

तुमचा मीटर पाण्यात काय काय आहे हे मोजत नाही, तो फक्त पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतो आणि त्या आकड्याला एका ठरावीक गुणकाने, साधारण ०.५ ते ०.७ च्या मधल्या, गुणून तुम्हाला टीडीएस म्हणून दाखवतो. वीज वाहून नेतात विरघळलेले क्षार. कोरड्या दिवसांत ओढ्यात जे पाणी असतं ते जमिनीतून झिरपून आलेलं असतं, खडक-मातीशी बराच काळ संगत झालेली असल्याने त्यात क्षार भरपूर. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच. दोन्ही मिसळले की आकडा पडणारच. पण चिकणमातीचे कण, विष्ठेतून येणारे ई. कोलाय जिवाणू, बाकीचे जंतू, शेतातून आलेली कीटकनाशकं यातलं काहीही त्या मीटरला दिसत नाही. म्हणजे ज्या दिवशी मीटर सगळ्यात छान आकडा दाखवतो तो बहुतेक वेळा पाणी पिण्यासाठी सगळ्यात वाईट दिवस असतो. मीटर बिघडलेला नाही, त्याला चुकीचा प्रश्न विचारला जातोय.

मीटर फेकू नका मात्र. टीडीएस पडायला लागला म्हणजे पावसाचं वरून वाहणारं पाणी ओढ्यात पोहोचलं, एवढी बातमी तो झकास देतो.

प्रश्न : पुरात ओढ्यातून जे पाणी वाहतं ते आत्ता पडलेल्या पावसाचंच असतं ना? शाळेत मुलांनी विचारलं आणि मी हो म्हणून मोकळी झाले, पण नंतर शंका आली.

शंका योग्य आहे. डांबरी रस्ते, छपरं, तुडवून कडक झालेली जमीन असेल तर हो, बहुतेक पाणी आत्ताचंच. पण जंगलाच्या किंवा चांगल्या भुसभुशीत मातीच्या पाणलोटात बऱ्याचदा पुराच्या पाण्यातलं निम्म्याहून जास्त पाणी जुनं असतं, म्हणजे आधीच्या पावसांचं, आठवडे-महिने मातीत थांबलेलं. पाण्यातल्या ऑक्सिजन-१८ आणि ड्युटेरियम या समस्थानिकांचं, म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या जरा जड अणूंचं, प्रमाण प्रत्येक पावसात थोडं वेगळं असतं, त्यावरून जुनं-नवं वेगळं काढता येतं. नवा पाऊस मातीत शिरतो, भूजलाची पातळी वर येते आणि आधीचं पाणी ओढ्याकडे ढकललं जातं.

पाण्याच्या दर्जासाठी हे फार महत्त्वाचं आहे कारण मातीत थांबलेल्या पाण्यात नायट्रेट विरघळलेलं असतं. फॉस्फरस मातीच्या कणांना चिकटून प्रवास करतो म्हणून तो गाळाबरोबर लवकर येतो, आणि नायट्रेट बऱ्याच ठिकाणी पूर ओसरताना, पाणी दिसायला निवळ होत असताना वाढतं. गढूळपणा उतरला म्हणून चाचणी थांबवली तर नायट्रेट हुकलंच.

प्रश्न : नदीत येणारा सगळा गाळ शेतकऱ्यांच्या रानातून येतो असं सरसकट बोललं जातं. हे खरं आहे का? आम्हीच कायम गुन्हेगार कसे?

सरसकट खरं नाही, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये.

गाळ कुठून आला हे ओळखायची एक भन्नाट पद्धत आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत ज्या अणुचाचण्या उघड्या वातावरणात झाल्या त्यातून सीझियम-१३७ हे किरणोत्सर्गी द्रव्य जगभर पडलं. ते चिकणमातीला घट्ट धरून बसतं, खाली फारसं उतरत नाही, आणि अर्धआयुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, ३० वर्षांचं असल्यामुळे अजूनही मोजता येण्याएवढं शिल्लक आहे. म्हणजे वरच्या थरातल्या मातीवर सीझियमचा शिक्का आहे, खोल मातीवर नाही. नदीतल्या गाळात सीझियम बरं सापडलं तर माती रानाच्या पृष्ठभागावरून वाहून आली, अगदी कमी सापडलं तर घळींतून आणि ढासळलेल्या काठांतून आली. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय क्वीन्सलंडमध्ये, म्हणजे ब्रिस्बेनच्या आजूबाजूच्या उपोष्ण नद्यांत, अशा चाचण्या केल्या तेव्हा बहुतेक गाळ घळी आणि काठांमधून येतो असंच दिसलं. तिथे वसाहतीच्या काळात ओढ्यांच्या काठची झाडी मोठ्या प्रमाणावर तोडली गेली, मुळं गेली, मग प्रत्येक मोठ्या पुरात काठ कापले जायला लागले, आणि एकदा घळ पडली की ती मागे मागे सरकत जाते, तिला थांबवणं अवघड.

पण म्हणून शेत सुटलं असं नाही. खत आणि कीटकनाशकं शेतातूनच येतात, आणि काठापर्यंत नांगरत जायची सवय असेल तर काठ ढासळायला आपलाही हात लागतो. माझं मत विचाराल तर गाळाचा प्रश्न असेल तिथे पैसा आधी काठच्या झाडीवर आणि घळींना बांध घालण्यावर लागावा, आणि गुरं थेट ओढ्यात उतरू नयेत म्हणून कुंपण आणि वेगळा पाणवठा यावर. गुरांच्या खुरांनी काठ मोडतात आणि शेण थेट पाण्यात पडतं, दोन्ही एकदम थांबतं.

प्रश्न : धरणात पाणी छान निवळतं असं ऐकलंय. मग मोठी धरणं असलेल्या शहरांनाही पुरानंतर गढूळ पाणी का येतं?

कारण शहर पाणी कुठून उचलतं ते बघावं लागतं. ब्रिस्बेनचं घ्या. शहराच्या वर विव्हेनहो धरण आहे, पण पाणी शुद्ध करणारं माउंट क्रॉस्बी केंद्र धरणाच्या खाली नदीवर आहे, आणि मधल्या पट्ट्यात लॉकियर क्रीक येऊन मिळते जिच्यावर तसं मोठं धरण नाही. जानेवारी २०१३ मध्ये ओसवाल्ड चक्रीवादळाच्या उरल्यासुरल्या पावसाने लॉकियर खोऱ्यातून इतका गाळ आला की माउंट क्रॉस्बीचं काम थांबवावं लागलं, सगळीकडे पूर आणि शहरात पिण्याचं पाणी संपतंय की काय अशी अवस्था. तैवानमध्ये तैपेईची गोष्ट जवळपास तशीच. फेइत्सुई धरणाचं पाणी एका फाट्यावरून येतं, नानशी नदीचं दुसऱ्या फाट्यावरून, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये सौदेलोर वादळात नानशीच्या खोऱ्यात दरडी कोसळल्या आणि शहरातल्या नळांना पिवळं गढूळ पाणी आलं. दोन्हीकडे धरणाने आपलं काम केलं होतं, घोटाळा केला तो बाजूने येऊन मिळणाऱ्या मोकळ्या नदीने.

आणि धरणही कायम वाचवतं असं नाही. २००४ मध्ये एरे (Aere) नावाच्या वादळाच्या वेळी तैवानच्याच शिमन धरणात गाळाने जड झालेलं पाणी वरच्या स्वच्छ पाण्यात न मिसळता तळातळाने सरपटत थेट भिंतीपर्यंत आलं, पाणी उचलायची तोंडं खालच्या थरात होती, आणि ताओयुआन भागात कितीतरी दिवस पाणीपुरवठा कोलमडला. पुढे तिथे वरच्या थरातून पाणी घेता येईल अशी सोय केली गेली.

प्रश्न : पूर येऊन गेला, पाणी शांत झालं, चार-पाच दिवसांनी नदीत मेलेले मासे तरंगायला लागले. लोक म्हणतात कुणीतरी विष टाकलं. विषाशिवाय असं होऊ शकतं का?

होऊ शकतं, आणि उष्ण भागात तर हमखास होतं. पाण्यात ऑक्सिजन किती विरघळतो हे तापमानावर अवलंबून असतं, १० अंशांना लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना फक्त साडेसात. म्हणजे मुळात शिल्लक कमी, आणि दुसरीकडे कुजवणाऱ्या जिवाणूंचा वेग तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट होतो, म्हणजे खर्च जास्त. आता पूर नदीकाठच्या सखल जमिनीवर पसरतो, गवत, ऊस, पालापाचोळा सगळं कोमट पाण्याखाली दिवसेंदिवस कुजत राहतं, त्यातला ऑक्सिजन संपतो, पाणी काळपट होतं, आणि पूर ओसरायला लागला की हेच पाणी चरांतून परत नदीत उतरतं. मासे पुराच्या जोरात मरत नाहीत, पूर उतरताना मरतात. ऑक्सिजन लिटरला दोन मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक माशांना पळायला जागा हवी, आणि नदीची लांबच्या लांब पट्टी तशीच असेल तर पळणार कुठे.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या उत्तर भागात रिचमंड नदी आहे, तिथे २००१ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये पुरानंतर असेच प्रचंड मासे मेले. तिथल्या सखल दलदली शेतीसाठी चर खणून कोरड्या केलेल्या आहेत, त्यामुळे काळं पाणी पूर्वी दलदलीत हळूहळू मुरायचं ते आता भराभर नदीत येतं. म्हणजे पाऊस निसर्गाचा पण घाई माणसाची.

त्याच किनाऱ्यावर आणखी एक प्रकार होतो. काही सखल मातींत लोह आणि गंधकाचं खनिज, पायराइट, पाण्याखाली निपचित पडलेलं असतं. चर खणून पाणी उतरवलं की त्याला हवा लागते आणि गंधकाचं आम्ल तयार होतं, कोरड्या काळात ते मातीत साठून राहतं आणि जोराचा पाऊस ते धुऊन नदीत आणतो, बरोबर मातीतलं ॲल्युमिनियमही विरघळून येतं जे माशांच्या कल्ल्यांना घातक. १९८७ मध्ये ट्वीड नदीत याच कारणाने मासे मेले. गंमत बघा, ॲल्युमिनियममुळे गाळाचे कण एकमेकांना चिकटून खाली बसतात, त्यामुळे हे विषारी पाणी कधीकधी अगदी काचेसारखं स्वच्छ दिसतं. तुमच्याकडे विष टाकलं की नाही हे मला इथे बसून सांगता येणार नाही, पण मासे दिसले त्याच दिवशी, शक्यतो सूर्य उगवायच्या सुमारास, विरघळलेला ऑक्सिजन आणि पीएच मोजून घेतलं तर अर्धा वाद तिथेच मिटतो. पहाटे अशासाठी की रात्रभर वनस्पतीही ऑक्सिजन वापरतात आणि तो सगळ्यात खाली त्या वेळी असतो, दुपारी मोजलं तर आकडा उगाच बरा येतो.

प्रश्न : पावसानंतर ओढ्यात पोहायला किती दिवसांनी जावं? आणि असं पाणी उकळून प्यायलं तर चालतं का?

न्यू साउथ वेल्समध्ये सरकारी सल्ला असा असतो की मोठ्या पावसानंतर मोकळ्या समुद्रकिनाऱ्यावर किमान एक दिवस आणि खाडी-नदीमुखात तीन दिवसांपर्यंत पोहू नका. ओढ्यासाठी मी तीन दिवस आणि वर पाणी निवळ होईपर्यंत असं धरेन. अंगावर जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसचाही धोका, तो उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतून पाण्यात येतो.

उकळणं चालतं, खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट. पण आधी पाणी स्थिर ठेवून गाळ बसू द्या आणि वरचं गाळून घ्या. क्लोरीनच्या गोळीवर मात्र गढूळ पाण्यात भरवसा ठेवू नका, जंतू मातीच्या कणांआड लपतात, आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी तर नेहमीच्या क्लोरीनला जुमानतच नाही. म्हणूनच क्लोरीन टाकण्याआधी गढूळपणा १ एनटीयूच्या (हे गढूळपणा मोजायचं एकक) खाली आणावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि डोळ्यांना गढूळपणा दिसायलाच साधारण ४ एनटीयू लागतात, त्यामुळे 'दिसतं तर स्वच्छ' याला काही अर्थ नाही. अमेरिकेत १९४८ ते १९९४ मधल्या पाण्यातून पसरलेल्या ५४८ साथी तपासल्या तेव्हा निम्म्याहून जास्त साथींच्या आधी त्या भागात अतिवृष्टी झालेली होती. आणि कीटकनाशक किंवा नायट्रेट असेल तर उकळून ते जात नाही, पाणी आटतं म्हणून उलट थोडं वाढतंच.

प्रश्न : मी एमएस्सीला आहे. प्रोजेक्टसाठी दर सोमवारी सकाळी ओढ्याचं सॅम्पल घ्यायचं ठरवलंय, वर्षभर. एवढं पुरेल का?

कोरड्या दिवसांचं चित्र छान मिळेल, पण ओढ्याने वर्षभरात किती गाळ किंवा फॉस्फरस वाहून नेला हे त्यातून काढायला जाऊ नकोस. एक काल्पनिक हिशोब करून बघ. एरवी प्रवाह सेकंदाला ०.२ घनमीटर, गाळ लिटरला ५ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला साधारण ८६ किलो. पुरात प्रवाह २० घनमीटर आणि गाळ ५०० मिलिग्रॅम, म्हणजे तासाला ३६ टन. पुराचा एक तास शांत दिवसांच्या अख्ख्या वर्षाहून जास्त! आणि तो एक तास सोमवारी सकाळी येण्याची शक्यता किती ते तूच बघ. खरं सांगायचं तर ठरलेल्या वाराला बाटली भरून 'नदीची स्थिती समाधानकारक' असे रिपोर्ट काढणाऱ्या सगळ्यांनाच हा हिशोब एकदा करायला लावला पाहिजे.

सोमवार ठेव, तुलनेचा पाया म्हणून तो लागतोच, पण तीन-चार पाऊस पूर्ण पकड, चढताना, माथ्यावर आणि उतरताना, आणि उतरताना कंटाळू नकोस कारण नायट्रेट तिथेच आहे. ऑटोसॅम्पलर असेल तर उत्तम, पाण्याची पातळी ठरावीक उंचीवर आली की तो स्वतः सुरू होतो आणि ठरलेल्या अंतराने बाटल्या भरत जातो. नसेल तर एका भक्कम खांबाला वेगवेगळ्या उंचीवर बाटल्या बांध, प्रत्येकीला पाणी आत जायला एक नळी आणि हवा बाहेर जायला एक, पाणी चढत गेलं की एकेक भरत जाते. यात फक्त चढतं पाणी मिळतं, उतरतं नाही, तेवढं लिहून ठेव. प्रत्येक सॅम्पलबरोबर पातळी आणि वेळ नोंदवायचीच, प्रवाहाचा आकडा नसेल तर नुसत्या गढूळपणावरून भार, म्हणजे एकूण किती गाळ वाहून गेला, ते काढता येत नाही. पाऊस मिलिमीटरमध्ये नुसता दिवसाचा एकूण नको, तासाचा जोर हवा, साठ मिलिमीटर दिवसभर रिपरिप पडला आणि तेवढाच एका तासात कोसळला यात मातीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि आधी किती दिवस कोरडे गेले तेही लिही.

सॅम्पल पुलावरून बादली सोडून घे, पुराच्या पाण्यात पाय टाकायचा नाही, मार्कांसाठी तर अजिबात नाही. ई. कोलायची बाटली निर्जंतुक हवी, बर्फात ठेवून २४ तासांच्या आत लॅबला पोहोचली पाहिजे, आणि विरघळलेल्या पोषकद्रव्यांसाठीचं पाणी जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढ नाहीतर बाटलीत माती आणि फॉस्फरसची देवाणघेवाण चालूच राहते. लॅब शनिवार-रविवारी उघडी असते का ते पाऊस यायच्या आधी विचारून ठेव.